मूळ प्रत कोठे ठेवावी? : म्हाइंभटाच्या पोथीपासून मोबाइलमधील छायाचित्रांपर्यंत

इतिहासाचे साधन अस्सल की बनावट, या प्रश्नाची चर्चा मराठी संशोधनात विपुल झालेली आहे. साधन ठेवावे कोठे आणि कोणत्या स्वरूपात, या प्रश्नाचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला. ग्रंथालये व दप्तरखाने ही त्याची सोय पाहतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत आता पुरेशी राहिलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या मठात किंवा घरात बासनात बांधलेली पोथी पाहावयास गेलेला विद्यार्थी पूर्वीप्रमाणे दिवसच्या दिवस बसून तिची नक्कल उतरवून घेत नाही; तो खिशातला मोबाइल काढतो आणि एकेका पानाचे छायाचित्र घेतो. सायंकाळी घरी आल्यावर त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो असा : ही छायाचित्रे घेतली तशी, पूर्ण आकारात, मोबाइलमध्येच ठेवावीत, की क्लाउड नावाने ओळखल्या जाणाऱ्या दूरस्थ भांडाराच्या स्वाधीन करून मोबाइलमधील जागा मोकळी करावी?

वरवर पाहता हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. वस्तुतः तो जुना प्रश्न आहे, आणि वऱ्हाडच्या भूमीत त्याचे उत्तर एकदा फार मोठी किंमत देऊन मिळालेले आहे. त्या अनुभवाच्या प्रकाशात आजच्या प्रश्नाची छाननी करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

१. एकच पोथी

चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटाने त्यांच्या लीळांचे संकलन केले. ज्यांनी स्वामींचा सहवास अनुभवला होता त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून, नागदेवाचार्यांच्या साक्षीने पडताळून त्याने एकेक लीळा लिहून घेतली. मराठी गद्याच्या आरंभकाळातील हा महान ग्रंथ लीळाचरित्र या नावाने सर्वश्रुत आहे. संकलनाची ही पद्धती इतकी काटेकोर होती की आधुनिक काळातील क्षेत्रीय अभ्यासकालाही ती आदर्श वाटावी.

परंतु एवढ्या कष्टाने सिद्ध झालेली मूळ पोथी टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या राज्यावर खलजी फौजांच्या स्वाऱ्या होत होत्या. त्या धामधुमीत म्हाइंभटाची पोथी नष्ट झाली, असे महानुभाव पंथाची परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यांत हिराइसेच्या पाठाला विशेष मान मिळाला. परशरामबास, रामेश्वरबास इत्यादिकांचेही पाठ निर्माण झाले. एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले ते असे.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. म्हाइंभटाची पोथी परिपूर्ण होती, पण तिची परिपूर्णता एकाच जागी होती. हिराइसेचे स्मरण परिपूर्ण असणे शक्य नव्हते, पण ते पोथीपासून वेगळ्या जागी होते. म्हणूनच पोथी गेली तरी ते उरले. ग्रंथ वाचला तो दुसऱ्या जागी असलेल्या, काहीशा उण्या प्रतीमुळे. आणि त्या उणेपणाची किंमत म्हणून सातशे वर्षांनंतरही संपादकांना पाठभेदांशी झगडावे लागत आहे. हरि नारायण नेने यांची आवृत्ती असो, वा १९७८ साली प्रसिद्ध झालेली वि. भि. कोलते यांची असो, म्हाइंभटाचे मूळ शब्द कोणते, हा प्रश्न दोघांनाही चुकला नाही.

येथे पंथीयांच्या एका दक्षतेचा उल्लेख केला पाहिजे. पाठ अनेक झाले तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने एकमेकांत मिसळून टाकले नाहीत. अमुक पाठ अमक्याचा, अशी नोंद लीळाचरित्राच्या पोथ्यांत ठिकठिकाणी आढळते. प्रत उणी असेल तर ती उणी आहे आणि कोणाकडून आलेली आहे, हे सांगणे ते आपले कर्तव्य समजत. पुढील विवेचनात या गोष्टीचे स्मरण ठेवावयाचे आहे.

२. प्रती आणि किल्ली

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास प्रारंभ केला. त्यांपैकी सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध असून तिची योजना रवळोबासांकडे दिली जाते. या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजलेले असते. ज्याच्याजवळ तिची किल्ली असेल त्यालाच ती पोथी वाचता येते. प्रतींची संख्या वाढली, मठोमठी पोथ्या गेल्या; पाठ एका जागेवर अवलंबून राहिला नाही. पण किल्ली पंथापुरतीच राहिल्यामुळे बाहेरच्या जगाला हे वाङ्मय शतकानुशतके असून नसल्यासारखे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे मराठी भाषेच्या इतिहासाचा हा दालनच्या दालन उघडला गेला.

या उद्घाटनानंतर जे कार्य झाले त्यात यवतमाळचा वाटा मोठा आहे. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाच्या शोधाला वाहून घेतले. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. यवतमाळच्या शारदाश्रम या संस्थेने हस्तलिखितांचा संग्रह केला. वा. ना. देशपांडे यांनी 'स्मृतिस्थळा'चे व महदंबेच्या धवळ्यांचे संपादन केले. पुण्यामुंबईपासून दूर असलेल्या या गावात, ज्या प्रदेशात पोथ्या निर्माण झाल्या त्याच प्रदेशात त्या राखण्याचा व वाचण्याचा हा प्रयत्न होता. साधन सर्वस्वी मध्यवर्ती दप्तरात गेले पाहिजे असे नाही. ते आपल्या मुलखात, जाणत्यांच्या हाताशी राहू शकते, हे त्याने दाखवून दिले.

मध्यवर्ती भांडारेही निर्धास्त नसतात, याचा प्रत्यय महाराष्ट्राला अलीकडेच आला. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि तेथील ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. घरी वाळवी व कसर, मठात ओल, भांडारात दंगा. जागा बदलली तरी धोका नाहीसा होत नाही, तो केवळ आपले रूप पालटतो.

३. छायाचित्राच्या मूळ प्रतीचा प्रवास

आता पोथीकडून छायाचित्राकडे वळावयाचे. छायाचित्रणाच्या इतिहासात मूळ प्रतीची जागा वेळोवेळी बदलत गेली आहे. छायाचित्रण १८३९ साली जगापुढे आले, आणि १८५४ साली मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे महाराष्ट्रीय या कलेत आरंभापासून होते. त्या काळी काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा, म्हणजे निगेटिव्ह, ही मूळ प्रत होय. ती छायाचित्रकाराच्या दुकानी राही आणि गिऱ्हाइकाला कागदावरचा ठसा मिळे. घरात लावलेली तसबीर ही अशा रीतीने सदैव दुय्यम प्रत असे. दुकान मोडले की काचा गेल्या, आणि काचा गेल्या की पुन्हा तसा ठसा निघणे नाही.

१८८८ साली कोडॅक कंपनीने गुंडाळीच्या फिल्मचा कॅमेरा विकावयास काढला. पुढे फिल्म सर्वत्र रूढ झाल्यावर धुतलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हाती दिल्या जाऊ लागल्या. मूळ प्रत प्रथमच घरी आली. पण घराला तिचे मोल कळले नाही. कागदावरची चित्रे अल्बममध्ये लावली गेली आणि पट्ट्या ट्रंकेच्या तळाशी पडून एकमेकींना चिकटल्या. विदर्भाच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्यांचे जे व्हावयाचे ते झाले.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने हे अंतरच मिटविले. येथे निगेटिव्ह व ठसा असा भेद नाही. जी संख्यांची रांग उपकरणाच्या स्मरणात साठते तीच मूळ प्रत. तिची हुबेहूब नक्कल कितीही वेळा काढता येते, आणि दहावी नक्कल पहिलीइतकीच पूर्ण असते. काच, फिल्म, कागद यांपैकी कोणालाही हे साधले नव्हते. परंतु याच सोयीच्या पोटात एक नवी अडचण आहे. नक्कल हुबेहूब निघू शकते, याचा अर्थ ती प्रत्येक वेळी तशी काढली जाते असा नव्हे. पुष्कळदा वाटेत कोणीतरी ती बारीक करतो, आणि पाहणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

४. बारीक केल्याने काय जाते

बहुतेक मोबाइल आज सुमारे सव्वा कोटी बिंदूंचे छायाचित्र देतात. आडवे सुमारे ४००० बिंदू आणि उभे सुमारे ३०००. काहींच्या जाहिरातीत पाच कोटींचा आकडा असतो, पण नेहमीच्या वापरात तेही शेजारचे बिंदू एकत्र करून सव्वा कोटींचेच चित्र तयार करतात. असे चित्र जेपेग नावाच्या, १९९२ साली प्रमाण ठरलेल्या पद्धतीने आवळून ठेवले जाते. ही पद्धती चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील जे बारकावे डोळ्यास सहसा जाणवत नाहीत ते टाकून देते. आवळण जितकी अधिक तितके टाकणे अधिक. रंगाच्या बाबतीत ती बहुधा आणखी उदार असते. प्रकाशाच्या मानाने रंगाचे बारकावे ती निम्म्याच घनतेने राखते.

निसर्गदृश्याच्या किंवा लग्नसमारंभाच्या चित्रात याने फारसे बिघडत नाही. पोथीच्या बाबतीत काय होते ते हिशेबाने पाहावे. बारा इंच रुंदीचे पान ४००० बिंदूंत घेतले तर प्रत्येक मिलिमीटरला सुमारे १३ बिंदू पडतात. तेच चित्र निरोपाबरोबर धाडताना १६०० बिंदूंपर्यंत खाली आणले गेले तर मिलिमीटरला सुमारे ५ बिंदू उरतात. लेखणीच्या टोकाने दिलेला अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार पहिल्या चित्रात सहासात बिंदूंचा असतो. दुसऱ्यात तो दोनअडीच बिंदूंचा होतो, आणि आवळण्याच्या क्रियेत कागदाच्या डागात मिसळून जातो.

हा बिंदू क्षुल्लक नव्हे. यादवकालीन मराठीत 'गोसावी' हे प्रथमेचे रूप आणि 'गोसावीं' हे तृतीयेचे रूप, यांतील भेद त्या एका बिंदूने दाखविला जातो. 'रिधपुरीं' या सप्तम्यंत रूपाचीही तीच गोष्ट. कर्ता कोण आणि क्रिया कोठे घडली, हे वाक्यातील दोन मुख्य संबंध अनुस्वारावर उभे आहेत. त्यातून जुने लेखक अनुस्वार नियमितपणे देत नसत. तेव्हा अभ्यासकाला जे ठरवावयाचे असते ते हेच, की या ठिकाणी लेखकाने बिंदू दिला नाही काय? चित्र बारीक झालेले असेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. लेखकाने गाळलेला बिंदू आणि यंत्राने गाळलेला बिंदू यांत भेद करता येत नाही, आणि यंत्राचा दोष चौदाव्या शतकातील भाषेच्या माथी मारला जातो. सांकेतिक लिपीत तर धोका अधिकच. तेथे एका चिन्हाचे दुसरे चिन्ह वाचले गेले तर चूक सावरून घेण्यास ओळखीचा शब्दही आधाराला नसतो.

रंगाचेही असेच आहे. जुने लेखक चुकलेले अक्षर हरताळाने झाकीत. पिवळसर कागदावरील हा पिवळा लेप म्हणजे लेखकाच्या दुरुस्तीचा पुरावा होय. पूर्ण चित्रात तो दिसतो. रंगाचे बारकावे गेले की लेप व कागद एक होतात, आणि पाठाला एकदा दुरुस्ती झाली होती हा इतिहासच पुसला जातो.

५. दूरस्थ भांडाराच्या अटी

क्लाउड हे नाव काव्यमय असले तरी वस्तू ऐहिक आहे. कोठेतरी असलेल्या इमारतीतील कोणाच्यातरी मालकीच्या यंत्रांवर आपली छायाचित्रे ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. मे २०१५ मध्ये गुगल फोटोज ही सेवा सुरू झाली तेव्हा 'उच्च गुणवत्ता' या नावाखाली कितीही छायाचित्रे विनामूल्य ठेवता येत. मात्र त्या नावाची चित्रे पुन्हा आवळलेली असत आणि १ कोटी ६० लक्ष बिंदूंपेक्षा मोठी असल्यास लहान केलेली असत. सप्टेंबर २०१६ नंतर देशात इंटरनेट स्वस्त झाले आणि लहान गावांतूनही या भांडाराची वाट खुली झाली. १ जून २०२१ पासून विनामूल्य अमर्याद साठवण बंद झाली. नवी चित्रे १५ जीबीच्या वाट्यात मोजली जाऊ लागली. ज्यांनी आपले सर्व छायाचित्रधन त्या भरवशावर सोपविले होते त्यांना या वेळी कळून आले की यजमानाने दिलेली सवलत ही आपली मिराशी नसते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की अशा भांडारात चित्र मूळ गुणवत्तेत ठेवण्याचा पर्याय असतो. दोष सर्वस्वी क्लाउडचा नाही. न पाहता स्वीकारलेल्या पर्यायाचा आहे. पण पूर्ण चित्र धाडावयाचे तर त्याची किंमत वेळात व जागेत मोजावी लागते. एका चित्राचे सरासरी ४ एमबी धरले तर तीनशे चित्रांची एक पोथी १.२ जीबी भरते. सेकंदाला एक मेगाबिट या संथ गतीने ती वर चढवावयास सुमारे दोन तास चाळीस मिनिटे लागतात. आणि १५ जीबीत अशा बाराच पोथ्या मावतात. उलटपक्षी १२८ जीबीच्या साध्या मोबाइलमध्ये १०० जीबी मोकळी असल्यास ऐंशीहून अधिक पोथ्या राहू शकतात.

किल्लीचा प्रश्न येथेही आहेच. खाते मोबाइलच्या दुकानात कोणीतरी उघडून दिलेले, पासवर्ड कोठे लिहून ठेवलेला नाही, आणि मोबाइल बदललेला, हा प्रकार अपरिचित नाही. शिवाय दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ साली जाहीर केले. संग्राहकाच्या मृत्यूनंतर वारसांना किल्ली ठाऊक नसेल तर संग्रह सकळ लिपीतील पोथीसारखा होतो. भेद एवढाच, की सकळ लिपीतील पोथ्यांनी राजवाड्यांची वाट पाहिली. हे भांडार कोणासाठी थांबणार नाही.

६. मोबाइलचे आयुष्य

या सर्वांवरून पूर्ण आकाराची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवणे हेच श्रेयस्कर, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अर्धाच खरा ठरेल. चित्राची पूर्णता मोबाइल राखतो. कोणत्या दिवशी, किती वाजता आणि अनुमती दिली असल्यास कोणत्या ठिकाणी चित्र घेतले, ही टिपणेही मूळ फाइलीत राहतात. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने चित्र धाडले की ही टिपणे गळतात. २०२३ साली तेथे अधिक स्पष्ट चित्राची सोय झाली, तरी जसेच्या तसे चित्र धाडावयाचे तर ते दस्तऐवज म्हणून पाठवावे लागते. पण मोबाइल हरवतो, चोरीस जातो, पाण्यात पडतो. तो म्हाइंभटाच्या पोथीसारखा आहे : परिपूर्ण आणि एकटा.

पाण्याचा उल्लेख केवळ उदाहरणार्थ नाही. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. अशा वेळी घरातील बासन आणि त्या बासनाचे छायाचित्र असलेला मोबाइल एकाच छपराखाली असतील, तर दोघांचे दैव एकच.

आणि प्रश्न केवळ पोथ्यांचाही नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या उभ्या पिकाचे छायाचित्र मोबाइलने घेऊ लागला. नोंद सरकारी भांडारात जाते. पण कपाशी कशी उभी होती, पाणी कोठवर चढले होते, याची त्याने स्वतः घेतलेली चित्रे त्याच्याच जवळ असतात. कोलाम पोडांवरील घरे, अवजारे, भांडी यांची जी चित्रे आज घेतली जात आहेत त्यांचेही महत्त्व तसेच आहे. कोलामी भाषेला स्वतःची जुनी ग्रंथपरंपरा नाही. एमेनो यांचे तिच्यावरील पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले ते वर्धा भागातील बोलीवर आधारलेले होते. वस्तू आणि तिचे कोलामी नाव यांची सांगड घालणारे चित्र यापुढे शब्दकोशाच्या योग्यतेचे साधन ठरणार आहे. या जिल्ह्याच्या एकविसाव्या शतकाचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याचे दप्तर आज हजारो खिशांत विखुरलेले आहे.

७. उपसंहार

पूर्णता आणि अनेकता ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, हे लीळाचरित्राच्या इतिहासावरून स्पष्ट होते. एका जागची पूर्ण प्रत नष्ट झाली. अनेक जागच्या उण्या प्रतींनी ग्रंथ वाचला, पण मूळ शब्द वाचले नाहीत. मोबाइल पहिले कर्तव्य करतो आणि दुसरे चुकवितो. निष्काळजीपणे वापरलेला क्लाउड दुसरे करतो आणि पहिले चुकवितो.

म्हणून क्षेत्रात काम करणाऱ्या अभ्यासकाने पूर्ण आकाराची चित्रे क्लाउडच्या भरवशावर मोबाइलमधून काढून टाकण्याची घाई करू नये. प्रथम त्यांची हुबेहूब नक्कल हार्ड डिस्कवर उतरवून ती दुसऱ्या घरी वा विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि काही पाने पूर्ण मोठी करून नक्कल खरोखर पूर्ण आहे याची खात्री करून घ्यावी. क्लाउड हे तिसरे स्थान म्हणून अवश्य असावे, पण मूळ गुणवत्तेत. आणि त्याची किल्ली निदान दुसऱ्या एका जबाबदार व्यक्तीला ठाऊक असावी. बारीक केलेली प्रत वाटण्यापुरती, वाचनाचा निर्णय करण्यासाठी नव्हे. आणि अशी प्रत पुढे द्यावयाची झालीच, तर ती बारीक केलेली आहे, मूळ कोणाकडे आहे आणि पोथी कोणत्या गावची आहे, हे तिच्यासोबत लिहावे. लीळाचरित्राच्या जुन्या लेखकांनी, हाती केवळ बोरू आणि शाई असताना, अमुक पाठ अमक्याचा ही नोंद करण्याचा कंटाळा केला नाही.